घरचे कागद आणि जुना लॅपटॉप

आमच्याकडं जुना लॅपटॉप कुणी टाकत नाही. माळ्यावर जातो, पिशवीत गुंडाळून कपाटावर जातो, नाहीतर गावाकडच्या भाच्याला दिला जातो, पण टाकत नाहीत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि हे सगळे लॅपटॉप एकेक करून खाली उतरायला लागले, कारण विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप पाहिजे, इंटेलचा प्रोसेसर असला तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्याच्या पुढचा पाहिजे, आणि आमच्या बेळगावात टिळकवाडी-शहापुरातल्या घराघरांत जी मशीन पडून आहेत ती बरीचशी त्याच्या आधीची. लोक विचारतात, आता हे भंगारात घालायचं काय? मी म्हणतो घालू नका, आणा इकडं, चार जीबी रॅम असली तरी चालतंय, आतली जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवूया आणि विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम, तिची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाकूया.

मिंटच का, उबुंटू का नाही, डेबियन का नाही, ही सगळी लिनक्सचीच रूपं, त्या वादात मला पडायचं नाही. मिंट २००६ पासून आहे, उबुंटूच्या पायावर उभं आहे, २२ नंबरच्या आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत आणि विंडोजची सवय असलेल्या माणसाला मेनू शोधत बसावं लागत नाही, एवढं मला पुरतं. पेन ड्राईव्हवर व्हेंटॉय हे टूल घालून ठेवा म्हणजे मिंटची उतरवलेली आयएसओ फाईल नुसती कॉपी केली की झालं, दर वेळी पेन ड्राईव्ह नव्यानं बनवायला नको. आधी लाईव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट पेन ड्राईव्हवरून, चालवून वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, स्कॅनर दिसतोय का ते बघा आणि मगच इन्स्टॉल करा. हे कुठंही वाचायला मिळतं, मला लिहायचंय ते त्याच्या पुढचं.

लिनक्स टाकून झालं की हौशी माणूस आधी डेस्कटॉप सजवतो, टर्मिनलला, म्हणजे कमांड टाईप करायच्या खिडकीला, रंग देतो, एचटॉप उघडून कुठला प्रोग्रॅम किती रॅम खातोय ते बघत बसतो. ते सगळं मी मनापासून केलंय, अजूनही करतो, त्यात आनंद आहे. पण ह्या छोट्या छोट्या टूल्सची खरी ताकद मला कळली ती घरच्या कागदांपाशी. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळं आमच्या ट्रंकेतले आजोबांच्या वेळचे कागद मराठीत, काही मोडीत, आणि त्यानंतरचे खरेदीखत, उतारे, घरपट्टीच्या पावत्या असं सगळं हळूहळू कन्नडात गेलेलं. आईला कन्नड बोलता येतं पण अक्षर लागत नाही. भाचा कन्नड पाटी धावत्या बसमधून वाचतो पण पणजोबांचं पत्र वाचताना थांबत थांबत जातो. म्हणजे एकाच घरातले कागद एकाच माणसाला सगळे वाचता येत नाहीत, अशी आमच्या भागात कितीतरी घरं आहेत, खानापुरात आहेत, निपाणीत आहेत, चिकोडीकडं आहेत. कागद हरवला तर तो शोधणार कोण आणि सापडला तर तो तोच आहे हे ओळखणार कोण? इथं जुना लॅपटॉप कामाला येतो.

सुरुवात कीबोर्डपासून करा. बहुतेक लोक मराठी लिहायला इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवणारं काहीतरी वापरतात, फोनवर ते ठीक आहे, पण घरी कॉम्प्युटर असेल तर माझं स्पष्ट मत आहे की इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा कीबोर्ड लेआऊट शिका. सेटिंगमध्ये कीबोर्ड, त्यात लेआऊट, तिथं इंग्रजीच्या खाली मराठी आणि कन्नड जोडा आणि ऑल्ट-शिफ्टनं एकावरून दुसऱ्यावर जायची सोय करा. आता मराठी चालू असताना के चं बटण दाबा, क येतो. लेआऊट बदलून कन्नड करा आणि तेच बटण दाबा, कन्नडातला क येतो. एच वर प, एल वर त, जे वर र, दोन्हीकडं तसंच. शिफ्ट धरून एन दाबलं की ळ, आणि हा ळ आमच्या दोन्ही भाषांचा लाडका, तोही त्याच जागी. भारतीय लिप्यांचा वर्णक्रम मुळात एकच आहे म्हणून हे जमतं, ज्यांनी हा आराखडा केला त्यांनी बटणाला अक्षर जोडलं नाही तर उच्चार जोडला. १९९१ साली तो भारतीय मानक म्हणून आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हेलसिंकीत लिनस टॉर्व्हाल्ड्सनं आपण एक छोटी ऑपरेटिंग सिस्टीम करतोय म्हणून जाहीर केलं होतं, दोन्ही गोष्टी एकाच वर्षातल्या आहेत हे मला फार आवडतं.

ज्या गावात पाटीवर कुठली लिपी वर आणि कुठली खाली ह्यावरून माणसांची डोकी तापतात तिथं राहून मी सांगतोय, एकाच बटणाखाली दोन्ही लिप्या नांदताना बघून मला खरंच बरं वाटतं. मराठी टायपिंग बोटांत बसलं की कन्नड टायपिंग जवळजवळ फुकट मिळतं, कन्नड अक्षर नीट वाचता येत नसलं तरी बोट बरोबर पडतं. फरक थोडेच आहेत. कन्नडात ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ वेगळे असतात, ते आपल्या नेहमीच्या मात्रेच्या बटणावर सापडत नाहीत, त्यांच्या जागा शिकाव्या लागतात, आणि बेळगावी हा शब्द कन्नडात लिहितानाच पहिला ए ऱ्हस्व येतो म्हणून तो झेडच्या बटणावर आहे हे पहिल्याच दिवशी पाठ होऊन जातं. आमच्या भाच्यानं दोन्ही लेआऊट उन्हाळ्याच्या सुट्टीत उचलले, वरून आईला म्हणाला, आज्जी, तू नुसतं बोल, मी दोन्हीत लिहितो.

आता कागद. स्कॅनर लावला की मिंटमध्ये डॉक्युमेंट स्कॅनर नावाचं साधं ॲप असतं, त्यात रिझोल्यूशन ३०० डीपीआय ठेवा, त्याच्या खाली नको. टाचण्या काढा. जुना पातळ कागद असला तर मागच्या बाजूची शाई पुढं दिसते, त्याला सोपा उपाय म्हणजे कागदाच्या पाठीशी एक काळा जाड कागद धरायचा आणि मग झाकण लावायचं, मागची अक्षरं बरीच बुजतात. फाईलचं नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि मग कागद कसला ते, म्हणजे फोल्डर उघडलं की सगळं आपोआप काळाप्रमाणं लागलेलं दिसतं, वाटणीपत्र आधी आणि त्याच्यावरून निघालेला उतारा नंतर.

पण नुसता स्कॅन म्हणजे फोटो. त्यातलं अक्षर मशीनला वाचता आलं पाहिजे, आणि त्यासाठी टेसरॅक्ट आहे. हे ह्युलेट-पॅकार्ड कंपनीत १९८५ ते १९९४ ह्या काळात तयार झालेलं, मग पडून राहिलेलं, २००५ साली कंपनीनं ते सगळ्यांसाठी खुलं केलं आणि पुढं गुगलनं सांभाळलं. २०१८ साली चौथी आवृत्ती आली, त्यात न्यूरल नेटवर्कवर चालणारं नवं इंजिन आलं आणि आपल्या लिप्यांच्या दृष्टीनं खरा फरक तिथून पडला. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये टेसरॅक्ट शोधलं की भाषांची पॅकेजं वेगळी दिसतात, मराठीचं एमएआर आणि कन्नडाचं केएएन, दोन्ही घ्या. त्याच्या जोडीला ओसीआर-माय-पीडीएफ घ्या. ह्याला स्कॅन केलेली पीडीएफ द्यायची, भाषेच्या जागी एमएआर, मधे अधिकचं चिन्ह आणि मग केएएन असं लिहायचं, म्हणजे एकाच पानावर वर कन्नड शिक्का आणि खाली मराठी मजकूर असला तरी ते दोन्ही वाचायचा प्रयत्न करतं. डेस्क्यू म्हणून एक पर्याय आहे, तो दिला की तिरकं आलेलं पान सरळ होतं. मूळ चित्र दिसायला तसंच राहतं, त्याच्यामागं न दिसणारा मजकुराचा थर बसतो आणि पीडीएफमध्ये शब्द शोधता यायला लागतो. साईडकार हा पर्याय दिला तर तोच मजकूर शेजारी साध्या टेक्स्ट फाईलमध्येही मिळतो, तो मी नेहमी घेतो, का ते पुढं सांगतो.

अपेक्षा मात्र नीट ठेवा. छापलेला आणि टाईप केलेला कागद चांगला वाचला जातो, जोडाक्षरांत थोडी गडबड होते, जांभळा शिक्का मजकुरावर पडला असेल तर तेवढी ओळ गेली समजा. हातानं लिहिलेलं त्याला जमत नाही. आणि सर्व्हे नंबर, हिस्सा, क्षेत्र, रक्कम असलं काहीही मशीननं वाचलेल्यावर सोडायचं नाही, आकडे दर वेळी मूळ प्रतीवरूनच बघायचे. मशीनचं काम कागद शोधून देण्याचं, त्यात काय लिहिलंय ते माणसानंच वाचायचं.

एकदा हे झालं की शोधायची मजा बघा. आमची थोडी जमीन जांबोटीकडं आहे. जांबोटी हे नाव मराठीत टाईप करायचं, ऑल्ट-शिफ्ट, आणि पुन्हा तीच बटणं दाबायची, शेवटची वेलांटी तेवढी ऱ्हस्व, की झालं कन्नडातलं जांबोटी. ग्रेप म्हणून फाईलींत शब्द शोधणारी टर्मिनलची कमांड आहे, तिला हे दोन्ही शब्द एकदम देता येतात, प्रत्येकाच्या आधी ई चा पर्याय लावायचा, म्हणजे कागद कुठल्याही भाषेतला असो, ज्या टेक्स्ट फाईलीत दोन्हीपैकी एक सापडेल तिचं नाव आणि ओळ समोर येते. साईडकार ह्याच्यासाठी. ग्रेप हे केन थॉम्पसनचं १९७० च्या दशकातलं टूल, त्याच्या डोक्यात जांबोटी काय आणि कन्नड काय, काहीच नसणार, तरी आज ते आमच्या आजोबांचा कागद शोधून देतं, कारण ते फक्त एकच काम करतं आणि ते नीट करतं. ज्यांना टर्मिनलचा कंटाळा आहे त्यांनी रिकॉल घ्यावं, ते सगळ्या फाईली एकदा वाचून सूची करून ठेवतं आणि खिडकीत शब्द टाकला की कागद काढून देतं, आईसाठी मी तेच लावलंय. जुन्या लग्नपत्रिका, मंडळाचे अहवाल वगैरे कुणी युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठी आज चालणाऱ्या एकाच सांकेतिक पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टात करून ठेवलेले असतील तर ते असे सापडणार नाहीत, त्यांना आधी युनिकोडमध्ये आणावं लागतं, कन्व्हर्टर मिळतात.

टर्मिनलच्या दोन सवयी लावून घ्या एवढंच म्हणेन. कंट्रोल धरून आर दाबलं की आधी कधीतरी लिहिलेली कमांड तुकड्यावरून सापडते, लांबलचक ओळ पुन्हा लिहायला लागत नाही. आणि टीएलडीआर नावाचं पॅकेज घाला, कमांडची माहिती देणारी मॅन पानं मोठी असतात, हे टूल चार-पाच उदाहरणं देऊन मोकळं होतं. जागा कुठं गेली हे बघायला एनसीडीयू. बस.

इतकं सगळं त्या एका डिस्कवर जमा झालं की डिस्कची काळजी आलीच. डिस्कची तब्येत सांगणारं स्मार्टमॉनटूल्स घाला आणि त्यातलं स्मार्टसीटीएल चालवून दोन आकडे बघत जा, रिॲलोकेटेड सेक्टर म्हणजे खराब म्हणून बदललेल्या जागा आणि करंट पेंडिंग सेक्टर म्हणजे वाचताना अडलेल्या जागा. फिरत्या डिस्कवर पेंडिंगचा आकडा शून्य सोडून वर गेला तर डिस्कला काही जागा वाचताना त्रास होतोय असं समजायचं, आणि त्या डिस्कवर दुरुस्तीचे प्रयोग करत बसायचं नाही, आधी जीएनयू डीडीरेस्क्यूनं तिची पूर्ण प्रत काढायची. ते हुशारीनं चालतं, जे सहज वाचलं जातं ते आधी उचलतं आणि अडलेले भाग नंतर पुन्हा पुन्हा खरवडून बघतं, कुठवर आलो ते मॅप फाईलमध्ये लिहून ठेवतं, म्हणजे मधेच लाईट गेली तरी तिथून पुढं.

आमच्या बेळगावच्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक ज्यांनी बघितलीय त्यांना सांगायला नको, रात्रभर चालते आणि पहाटे मंडळाच्या फोटोग्राफर पोराच्या डोळ्यावर झोप असते. शेजारच्या मंडळाचं कॅमेऱ्याचं कार्ड त्या गडबडीत फॉरमॅट झालं. त्या पोराची आई, आमच्या वैनी, आल्या, म्हणाल्या, भावजी, पोरगं जेवत नाही, काही होतंय काय बघा की. मी पहिलं विचारलं, नंतर त्या कार्डावर एक तरी फोटो काढलाय काय? नव्हता काढला, म्हणजे आशा होती. कार्डाची डीडीरेस्क्यूनं एक प्रत काढली आणि त्या प्रतीवर फोटोरेक चालवलं, ते टेस्टडिस्कच्या पॅकेजमध्येच येतं. फोटोरेक फाईलींची यादी बघतच नाही, ती यादी फॉरमॅटमध्ये गेलेली असते, ते सरळ डिस्कवरचे बाईट वाचत जातं आणि फाईलची खूण शोधतं. प्रत्येक जेपेग फोटोची सुरुवात एफएफ डी८ एफएफ अशी असते, ती दिसली की इथून फोटो सुरू झाला असं धरून ते बाहेर काढतं. पोरगं शेजारी खुर्ची ओढून बसलं होतं, आकडा वाढायला लागला तसं पुढं सरकलं, आणि घोड्यावरच्या बालशिवाजीचा फोटो उघडल्यावर त्यानं घरी फोन लावला. फोटोंची नावं मात्र परत येत नाहीत, सगळी एफ आणि पुढं आकडे अशी येतात. तिथं एक्झिफटूल कामाला येतं, ते फोटोच्या आत लिहिलेली तारीख-वेळ वाचून सगळ्या फाईलींना एका कमांडमध्ये नावं देतं, मिरवणूक पुन्हा पहिल्या चित्ररथापासून ओळीत लागली. ही सगळी टूल्स फुकट आहेत आणि कुणीतरी वर्षानुवर्षं बसून केलेली आहेत, त्यांचे उपकार मला अशा वेळी फार जाणवतात.

लाईटचं सांगायचं तर पावसाळ्यात खानापूर भागात झाड तारेवर पडलं की रात्र अंधारात जाते, बेळगावातही लाईट कधी जाईल सांगता येत नाही, आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी नुसती नावाला असते. ईएक्सटी४ ही लिनक्सची फाईल सिस्टीम आधी जर्नलमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या नोंदवहीत, नोंद करते म्हणून अचानक लाईट जाऊनही ती सहसा सावरते. अपडेट चालू असतानाच गेली तर घाबरायचं नाही, परत चालू केल्यावर सुडो डीपीकेजी आणि पुढं कॉन्फिगर-ए (sudo dpkg --configure -a) ही कमांड द्यायची, अर्धवट राहिलेलं काम ते पुरं करतं. मशीन अडकून पडलं, माऊस हलत नाही, तर पॉवरचं बटण दाबून धरायच्या आधी ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन धरून सावकाश एस, यू, बी दाबा, पहिल्यानं डिस्कवर लिहायचं राहिलेलं लिहिलं जातं, दुसऱ्यानं डिस्क फक्त वाचण्यापुरती राहते, तिसऱ्यानं मशीन रीस्टार्ट होतं. बॅकअपचं काम ठराविक वेळेला लावणार असाल तर ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या क्रॉनपेक्षा ॲनाक्रॉन बरं, ठरलेल्या वेळेला मशीन बंद असलं तरी चालू झाल्यावर ते राहिलेलं काम करून टाकतं.

बॅकअपला आरसिंक, म्हणजे एका फोल्डरची दुसरीकडं प्रत ठेवणारं टूल. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास ह्या दोघांनी १९९६ साली ते बाहेर आणलं. आधी एन हा पर्याय देऊन चालवा, म्हणजे प्रत्यक्ष काही न करता ते काय काय करणार ते नुसतं दाखवतं, यादी डोळ्याखालून घाला, मग एन काढून ए आणि व्ही देऊन खरं चालवा. साईज आणि तारीख तीच असेल तर फाईलला ते हात लावत नाही म्हणून दुसऱ्या वेळेपासून काम भराभर होतं. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे ज्याची प्रत काढायची त्या फोल्डरच्या नावाच्या शेवटी येणारी तिरकी रेघ. रेघ दिली तर फोल्डरच्या आतलं सगळं जातं, नाही दिली तर फोल्डरसकट जातं, आणि डिलीटचा पर्याय जोडीला असेल तर ह्या एका रेघेनं पलीकडचं भलतंच पुसलं जाऊ शकतं, म्हणून डिलीट हवाच असेल तेव्हा एन देऊन यादी वाचल्याशिवाय एंटर दाबायचं नाही.

आमच्या कागदांच्या तीन प्रती आहेत. एक लॅपटॉपवर, एक घरातल्या बाहेरच्या डिस्कवर आणि एक डिस्क ताईकडं गडहिंग्लजला. ताईकडची डिस्क लक्सनं, म्हणजे लिनक्सच्या डिस्क एन्क्रिप्ट करायच्या सोयीनं, कुलूपबंद केलेली आहे, डिस्क्स नावाच्या ॲपमध्ये फॉरमॅट करतानाच पासवर्डचा पर्याय येतो, आणि तो पासवर्ड विसरला तर डिस्क उघडायला दुसरा मार्ग नाही म्हणून तो कागदावर लिहून आईच्या ट्रंकेत ठेवलाय. गणपतीला ताई येते तेव्हा ती डिस्क घेऊन येते, नवी प्रत भरून परत नेते, आणि त्या वेळी आम्ही त्यातले चार-दोन कागद उघडून बघतो, कारण उघडून न बघितलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही.

मोडीचं काम अजून चालू आहे. मोडी २०१४ साली युनिकोडमध्ये आली, गुगलच्या नोटो फॉन्टांत मोडी फॉन्टही आहे, पण टेसरॅक्टच्या भाषांत मोडी नाही आणि आमचे कागद तर हातानं लिहिलेले. त्यामुळं ओळखीचे एक वयस्कर मोडी वाचक काका आहेत, ते कागद हातात घेऊन मोठ्यानं वाचतात, भाचा समोर बसून बाळबोधीत टाईप करतो आणि स्कॅनच्या नावानंच शेजारी टेक्स्ट फाईल ठेवतो, पहिल्या ओळीत तारीख, दुसरीत गावाचं नाव दोन्ही लिप्यांत. जांबोटीचा अजून एक कागद त्यामुळं सापडायला लागलाय. उरलेले दिवाळीच्या सुट्टीत घेणार आहोत.